ग्रुपवर आलंय का?

थेरगावात डांगे चौकाजवळ माझी अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची पोरं-पोरी बसतात. असल्या जागी किस्से शोधावे लागत नाहीत राव, दाराशी चपला साचतात तसे साचतात! सांगताना हसू येतं, सांगून झालं की वाईट वाटतं.

आमच्याकडे एक रीत पडलीय. भरतीची बातमी पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो सगळ्यांत आधी टाकेल, त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. ग्रुप अ‍ॅडमिन प्रथमेशनं स्वतःच्या खिशातनं चहा प्यायलेला मी तरी बघितला नाही. बातमी खरी का खोटी, ते चहा संपल्यावर!

म्हणून मी सरकारी वेबसाइटवरच्या सूचनेची प्रिंट काढून दाराला चिकटवली. पोरांनी काय करावं? तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला अन् खाली विचारलं, "हे खरंय का?"

*

आकाश चाकणकडचा, पळायला एक नंबर. मैदानी चाचणीच्या सकाळी रील बघून कच्ची अंडी ढोसून गेला. पहिल्याच फेरीत सगळं बाहेर!

मी झापलं, तर म्हणतो, "लाखभर लाईक हायेत ओ काका!"

"मग ते लाईकवाले आले का तुझ्याबरोबर पळायला?"

वर्षभर घाम गाळलेलं पोरगं, अंड्यांपायी बाद झालं.

*

रहाटणीची पूजा एकदा रडकुंडीला आली. एकाच प्रश्नाची दोन रीलमध्ये दोन उत्तरं!

"अगं, मग पुस्तक उघड की!"

"पुस्तकात खाली कमेंट नसतात ना काका. कुणाचं बरोबर, ते कळणार कसं?"



*

सुजाता मात्र वेगळी. दापोडीची, वडील कंपनीत. मैदानीत झकास मार्क पडलेले, फक्त लेखी उरलेली. वय संपत आलेलं, म्हणजे ही शेवटचीच भरती.

पेपरच्या आदल्या दिवशी मी गावाला गेलो होतो. इकडं प्रथमेशनं टाकलं, "परीक्षा पुढे ढकलली!" मेसेज मागच्या भरतीतला. पण चहा झाला, पोरं निवांत झाली.

एकट्या सुजातानं भरतीच्या ऑफिसला फोन लावला. "पेपर उद्याच आहे," असं तिकडनं स्पष्ट सांगितलं. तिनं लगेच ग्रुपवर टाकलं.

"लिंक टाक."

"स्क्रीनशॉट कुठंय?"

"फोनवर कुणीपण कायपण बोलतं!"

खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परतलो, तर अभ्यासिकेचा हॉल भरलेला! सुजातासुद्धा तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसलेली. पेपर केव्हाच सुटला होता. कुणाच्या तरी मोबाईलवर प्रश्नपत्रिकेचा फोटो आला अन् सगळ्यांचे चेहरे उतरले.

सुजातानं कालचा फोन मला तेव्हा सांगितला.

"अगं, तू स्वतः विचारलं होतंस ना? स्वतःच्या कानानं ऐकलंस ना?"

"हो काका," ती म्हणाली. "पण एवढी सगळी चुकीची अन् मी एकटीच बरोबर, असं कसं असेल?"