नेरेइदाने उघडलेलं कार्ड

सांता क्लारात कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला की लोक आधी देवाचा धावा करतात आणि मग नेरेइदाचा. देव येईलच असं नाही, नेरेइदा येते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "वीज कधी जाणार?" ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, अर्धवट चढला असताना वीज गेली, तर दुखणं दुप्पट होतं.

"दोनला," आज तिला घरी बोलावणारा रेम्बेर्तो म्हणाला. तेव्हा साडेअकरा झाले होते. त्याची मुलगी लिसान्द्रा कोपऱ्यात नखं खात उभी होती. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, उद्या सकाळी परीक्षकांसमोर आराखडा दाखवायचा, आणि तो या मशीनमध्ये अडकलेला. त्यासाठीच तर बापाने मोटरसायकल विकून ग्राफिक्स कार्ड आणलं होतं.

"ड्रायव्हर कुठला घातलास?"

"पाकेतेतला. सगळ्यात नवा."

आमच्याकडे हे असंच. दर आठवड्याला मालिका, सिनेमे, गाणी भरलेली हार्ड डिस्क दारोदार येते, तेच पाकेते. त्यात ड्रायव्हरही असतात, आणि नवं ते चांगलं म्हणून जो तो मशीनला पाजतो.

"शेजाऱ्याला बरं वाटलं म्हणून त्याचं औषध तू पितोस का रे?"

"चुकलं, ताई. कॉफी टाकतो." तो आत पळाला.

नेरेइदाने सेफ मोडमध्ये नवा ड्रायव्हर मुळासकट काढला, जुना घातला. पुन्हा काळोख. दुसरा कुणी असता तर हात झटकून उठला असता. तिने कार्डच बाहेर काढलं, पंखा सोडवला, चिप पुसली आणि भिंग लावलं. स्टिकरवर एक नाव, चिपवर दुसरं. दहा वर्षांपूर्वीचं कार्ड नवं म्हणून कुणीतरी गळ्यात मारलं होतं.

लिसान्द्रानेही वाकून वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"पप्पांना सांगू नका हं," ती कुजबुजली. "रोज विचारतात, कार्ड आवडलं ना म्हणून."

"नाही सांगत, पोरी."

एकवीस वर्षांतले ड्रायव्हर नेरेइदाने लोणच्यासारखे जपून ठेवलेत. त्यातला या जुन्या चिपचा नेमका तिने शोधून काढला. पावणेदोनला पडदा उजळला. लिसान्द्राने काढलेलं वाचनालय हळूहळू का होईना, चारी बाजूंनी फिरलं. पोर रडायलाच लागली. आराखडा पेनड्राइव्हवर उतरला आणि मगच वीज गेली.

रेम्बेर्तो तिची पिशवी घेऊन दारापर्यंत आला. मागे वळून बघत, आवाज खाली घेत म्हणाला, "ताई, कार्ड जुनंच आहे ना? मला परवाच संशय आला. विकणाऱ्याचा फोनही लागत नाही. पण लिसान्द्राला कळू देऊ नका. फार खूश आहे ती."

सगळ्या गल्लीची टर उडवणाऱ्या त्या बाईने नुसती मान हलवली.

"माझ्या पोटात राहील," एवढंच म्हणून तिने पिशवी घेतली आणि डोळे भरलेले दिसू नयेत म्हणून भराभर चालू लागली.