कोंडाबाईची सोललेली बोटं

पालमच्या एसटी स्टँडला लागून पत्र्याच्या आडोशात कोंडाबाईची खानावळ होती. तिथं मटण-भाकरीशिवाय दुसरं काही मिळायचं नाही, पण तेवढ्यासाठी लोक हातची बस सोडायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बंद पुकारला की एसटी थांबायची आणि कोंडाबाईची चूलही.

लोक चवीनं खायचे आणि खाताखाता संशय घ्यायचे. ती खाटकाकडून काय आणते ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. जून मेंढीची मान, नळ्या, नाहीतर कुणी न नेलेले चिवट तुकडे. असलं मटण दुसऱ्याच्या घरी दुपारपर्यंत रटरटलं तरी दातांना दाद देत नाही. हिच्या पातेल्यातलं बोटानं तुटायचं. कुणी म्हणायचं सोडा टाकते, कुणी म्हणायचं युरिया. समोर भज्यांचा गाडा लावणारी दगडाबाई तर मेलेल्या जनावराचं नाव हळूच काढायची आणि वर म्हणायची, आपल्याला काय करायचंय.

कोंडाबाई कुणालाच काही सांगत नसे. तिचं घर मेंढरांवर जगणारं. नवरा लिंबाजी याच्याबरोबर ती एका साली मेंढरं घेऊन खानदेशाकडं गेली होती. तिथं एका पपईच्या बागेत खतासाठी मेंढरं बसवली होती. बागेतली माणसं हिरव्या फळांना चिरा पाडून पांढरा चीक गोळा करायची. हा कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा कळलं, की यानं मटण मऊ पडतं. परत आल्यावर तिनं परसात पपईची झाडं लावली. सकाळी चीक धरायचा, ताटलीत वाळवायचा, चिमूटभर पाण्यात कालवून मटणाला चोळायचा आणि थोडा वेळ थांबायचं. जास्त थांबलं तर सगळ्याचा लगदा होतो, हे ती एक अख्खं पातेलं वाया घालवून शिकली होती.

एका लग्नसराईत गिऱ्हाईक वाढलं आणि चीकही जास्त लागू लागला. सगळं उघड्या हातानंच चालायचं. आधी बोटांची टोकं गुळगुळीत झाली, मग लाल पडली, मग कातडीचे पांढरे पापुद्रे सुटू लागले. ती खोबरेल लावायची, चिंधी बांधायची.

गंगाखेडच्या गाडीवरचा कंडक्टर दत्तराव तिच्याकडं रोज जेवायचा. एका दुपारी भाकरी वाढताना चिंधी सुटली आणि त्याला ती बोटं दिसली. त्यानं हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलंय म्हणाला. आठवडाभरात स्टँडवर एकच शब्द फिरू लागला, महारोग. तेव्हा सरकारी माणसं घरोघरी अंगावरचे चट्टे बघत फिरत होती, त्यामुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी तयारच होता.

पपई म्हटलं असतं तर सुटली असती. पण जे बोटाची कातडी खातं, ते लोक पोटात जाऊ देतील का? त्यात कच्च्या पपईचं नाव काढलं तरी पोटुशा बायका लांब सरकतात. शिवाय दगडाबाईच्या परसात दुसऱ्याच दिवशी रोप दिसलं असतं. ती गप्प राहिली, आणि गप्प राहता राहता संशय तिच्याही मनात शिरला. चिकानंच झालं कशावरून? चुलीपुढं बसून ती बोटांत सुई टोचून बघायची. एका बोटाला कमी कळतं असं वाटायचं, मग पुन्हा टोचायची.

लिंबाजीनं अंथरूण मेंढवाड्यावर नेलं होतं. लांडगा हिंडायलाय म्हणाला. जेवायला भावाच्या घरी जायचा. एका सकाळी ती वाड्यावर गेली, कुंपणाभोवती हिंडून आली. पायाचा ठसा कुठंच नव्हता.

"कुठं आला होता लांडगा?" तिनं विचारलं.

लिंबाजी दोरी वळत होता. वर न बघता म्हणाला, "आला न्हाई. येईल म्हणून बसलोय."

ती तिथून घरी गेलीच नाही, सरळ सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं तिला डोळे मिटायला लावून बोटांवर पीस फिरवलं, टाचणी टोचली. प्रत्येक वेळी तिनं बरोबर बोट हलवलं.

"महारोग नाही," तो म्हणाला. "बाई, हाताला रोज काय लागतं?"

तिनं खरं काय ते पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं, की हा चीक मांसाचे धागे तोडतो, कातडीलाही सोडत नाही. पण नीट शिजला की त्याचा जोर संपतो. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधत जा.

बाजारच्या दिवशी कोंडाबाईनं हिरवी पपई आणि मान-नळ्या खानावळीच्या तोंडाशीच मांडल्या. सगळ्यांदेखत चिरा पाडल्या, चीक चोळला, पातेलं चढवलं. दगडाबाई गाडा सोडून पुढं येऊन बघत होती. दत्तराव लांबच उभा होता.

"आतडं बी असंच सोलंल की," तो म्हणाला.

"शिजल्यावर जोर राहत न्हाई. डाक्तरनं सांगितलंय."

"डाक्तर जेवतो का तुमच्याकडं?"

मटण शिजलं तसं तिनं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसून जेवली. गाडी सुटायची वेळ होईपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला, जणू तिला आता काहीतरी होणार होतं. मग म्हणाला, अर्धीच भाकरी वाढा.

हळूहळू निम्मं गिऱ्हाईक परत आलं, निम्मं कधीच आलं नाही. सुना घेऊन जाणाऱ्या बायका खानावळीला वळसा घालून जात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दगडाबाईनं पपई लावली आणि मटणाचं पातेलंही चढवलं.

दवाखान्यातली गोष्ट कानावर गेल्यावर लिंबाजी अंथरूण घेऊन घरी आला. नामांतर झालं तोवर खानावळीला पक्क्या भिंती आल्या होत्या आणि लिंबाजीचे दात पडून तिच्या मऊ मटणाशिवाय त्याला काही चावत नव्हतं. तरी त्याचं ताट वाढलं की ती पातेल्याकडं वळायची नाही. त्यानं पहिला घास गिळलेला बघायची, मगच उठायची.