वशानं धुतलेलं ताट

“हा बी होता आमच्या जहाजावर. झाडझूड करे. उलट्या पुसाले लय पक्का गडी!”

वसंतरावांनी माझ्याकडे बोट केलं आणि शाळेचं सगळं मैदान खो खो हसलं. हेडमास्तरसुद्धा.

ओट्यावर खुर्च्या दोनच होत्या. एक हेडमास्तरांची, एक वसंतरावांची. वसंतराव म्हणजे आमच्या गावच्या पाटलाचा धाकटा मुलगा. नौदलातून परतलेल्यांनी जहाजावरच्या आठवणी सांगाव्यात, असं बोलावणं आम्हा दोघांनाही होतं. मला सतरंजीच्या कडेला बसवलं. पलीकडे लिंबाखाली आमच्या वस्तीतल्या बायांबरोबर आई उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. आपला पोरगा दहा वर्षं समुद्रावर काय करत होता, ते चारचौघांत ऐकायला आली होती. ऐकलं ते हे. तिनं पदर तोंडावर ओढला.

मी स्टोकर होतो. विनाशिका म्हणजे लढाऊ जहाज, तिच्या पोटात बॉयलरची आग सांभाळायचो. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या साली मी भरती झालो, आणि वसंतरावही त्याच तुकडीत. जहाजावर तो वशा होता. पहिल्याच वादळात वशा आतडी बाहेर पडतील इतका ओकला. माझ्या अंगावर ओकला. हात घट्ट धरून म्हणत होता, “मले सोडून जाऊ नको बे, मी मरून राह्यलो.” मी त्याचं तोंड धुतलं, घाण पुसली. ते माझं काम नव्हतं. दोस्त म्हणून केलं. आज त्यानं तोच माझा हुद्दा करून टाकला. त्याची ओक पुसताना मला किळस आली नव्हती. त्या मैदानात आली.

स्वतःचीही आली. सुट्टीला आम्ही एकत्र निघायचो, एका डब्यात खायचो. उमरखेडच्या स्टँडवर एसटीतून उतरलो की तो पुढे चालायचा आणि मी मुद्दाम पन्नास पावलं मागे राहायचो. त्याची अडचण नको म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं. असा शहाणपणा मी दहा वर्षं केला. म्हणून त्याची जीभ इतकी सैल सुटली.

भाषण संपलं. पंगत मांडायला लागले. हेडमास्तर जवळ येऊन म्हणाले, “तू असं कर, पंगत उठली की पत्रावळी उचल. तुले तं सवय हाय.”

वशा खुर्चीवर हसत होता.

मी उठलो आणि ओट्यावर चढलो. मला ओट्यावर कुणी बोलावलं नव्हतं.

“मास्तर, मी स्टोकर होतो. जहाज माह्या आगीवर चाले. अन् एक आठवण याच्याकडून राह्यली, ते सांगतो. जहाजावर बारा जण एका टेबलाले जेवत. रोज दोघांची पाळी. त्या दोघायनं जेवण आणाचं, वाढाचं, अन् साऱ्यायची उष्टी ताटं धुवाची. जात पाहून पाळी नव्हती. आता याले विचारा, माह्यं उष्टं ताट कोण धुवे?”

मी त्याच्याकडे वळलो.

“सांग वशा.”

तो जमिनीकडे पाहत पुटपुटला, “सारेच धुवत.”

पहिल्या रांगेतला त्याचा बाप उठला, पचकन थुंकला आणि न जेवता चालता झाला. मागोमाग चारसहा जण उठले. दहा वर्षं समुद्रावर काढून आलेला पोरगा त्यांना एका ताटापायी बाटला होता.

मी आईला घेऊन निघालो तर वशा फाटकापर्यंत धावत आला.

“काहून सांगतलं बे? आता मले घरात घेतीन का?”

मला माणसांत बसू दिलं नाही याचं त्याला काही नव्हतं. त्याला त्याच्या घराची पडली होती. वादळातल्यासारखाच त्यानं हात पुढे केला. या वेळी मी त्याचा हात धरला नाही.

“ते तुह्या बापाले इचार,” म्हटलं.

आता तो आर्णीला, उमरखेडला, कुठंही आठवणी सांगायला उभा राहू दे. मी तिथं जाणार. खुर्ची नसली तर जमिनीवर, पण पहिल्या रांगेत बसणार. तोफा सांगू दे, वादळ सांगू दे. ताट गाळलं की मी उठून ते सांगणार.