रिबकाबायची जागा

रिबकाबाय शेळ्यांना माणसासारख्या शिव्या द्यायची. "मुडद्यांनो, भायेर व्हा! तुमच्या आज्यानं लावलंय का गवत?" असं ओरडत, काठी उगारून ती कबरस्थानाच्या फाटकात उभी राहिली की अर्धी आळी जागी व्हायची. खरे मुडदे आत गप पडलेले आणि शिव्या खायच्या आमच्या शेळ्यांनी! माझी शेळी त्या काठीचा प्रसाद घेऊन लंगडत घरी आली, तेव्हा मी पदर खोचून भांडायला गेले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन मुरुडजवळच्या त्या गावात आले होते. भांडण झालं, आणि मग तिने मला घरात बसवून चहा पाजला.

ती यहुदी, ते कबरस्थान त्यांचंच. पण नेसायला लुगडं, नाकात नथ आणि बोलणं आमचंच. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. देश स्वतंत्र झाला आणि पुढच्या काही वर्षांत ती माणसं एकेक करून त्यांच्या नव्या देशाला, इस्रायलला निघाली. घरांना कुलपं लागली. शेवटी रिबकाबायचा मुलगा दानियलही बायकापोरांसह निघाला. एसटीच्या दारात त्याने आईचे पाय धरले.

"आये, मेलेल्यांपायी जित्यांना सोडतेस?"

"जित्यांना पाय हायत, ती चालली," ती म्हणाली. "माजी रूथ कशी येल?"

रूथ म्हणजे तिची थोरली. गोवरात गेली, धड चालायलाही लागली नव्हती. पोराबाळांच्या थडग्यांवर नाव कोरायची ऐपत तेव्हा कोणाची नव्हती. नुसता एक काळा धोंडा ठेवायचा. असे धोंडे आत कितीतरी होते, आणि त्यातला रूथचा कोणता हे फक्त रिबकाबायला ठाऊक होतं. ती गेली असती तर रूथ कायमची हरवली असती. म्हणून ती राहिली.

मी तिला तोंडावर वेडी म्हटलं. "आमचं बघ. जाळलं, राख खाडीत सोडली, मोकळे झालो."

"तुमी मोकळे व्हता म्हून तुमाला कळत न्हाय," ती म्हणाली. "मेल्या मानसालाबी जागा लागते गो. न्हायतर आईनं रडायला कुनाच्या दारात जायाचं?"

माझ्या आईची राख आम्ही खाडीतच सोडली होती, आणि खाडीकडे बघून मला कधी रडू आलं नव्हतं.

म्हातारपण आलं तशी तिची तडफड वाढली. दिसेल त्याचा हात धरायची. "एकदा आत ये, माज्या पोरीची जागा बघून ठेव. मला तितंच ठेवा." लोक हो हो म्हणत आणि सटकत. दुसऱ्यांच्या मसणात कोण जाणार? मी तर बाई; बायकांनी तिथे पाऊलही टाकायचं नाही, ही आमची रीत. मी फाटकापर्यंत जायची. शेवटी आमचे हे आत गेले, जागा बघून आले. त्या रात्री, ती म्हणाली, तिला कित्येक दिवसांनी झोप लागली.

ती गेली ती भर पावसात. त्यांच्या प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. एकही उरला नव्हता. ह्यांनी परगावचे दोन गडी आणले, तिला रूथशेजारी ठेवलं आणि वर एक काळा धोंडा ठेवला. त्यांच्या लिपीतलं नाव कोरणार कोण? दानियल येईल तेव्हा दाखवू, हे म्हणाले.

दानियल यायच्या आत हेच गेले. विषमज्वराने, आठवड्याभरात. ते परगावचे गडी कुठले, कुठे गेले, कोणालाच ठाऊक नव्हतं. ती जागा ठाऊक असलेला गावातला एकुलता एक माणूस आम्ही जाळला आणि राख खाडीत सोडली.

मग दानियल आला. मुंबईला आईचं नाव कोरून घेतलेला दगड बैलगाडीतून घेऊन आला. "वहिनी, आये कुठं हाय?" मी रीतभात सगळी बाजूला टाकली, त्याच्याबरोबर आत गेले. गुडघाभर गवत, आणि धोंडेच धोंडे, सगळे काळे, सगळे सारखे. तो एकेका धोंड्याशी वाकून हाताने गवत उपटत होता, "आये, आये" करत होता. एवढा मोठा बाप्या! मला बघवेना. अंधार पडायला लागला तेव्हा त्याने तो दगड फाटकात उभा केला, रिबकाबाय काठी घेऊन उभी राहायची तिथे. दुसऱ्या दिवशी गेला, तो पुन्हा आला नाही.

आता शेळ्या त्या दगडाला अंग घासतात. मी काठी घेऊन जाते, तिच्याच शिव्या देते. त्या दगडाखाली ती नाही, रूथ नाही, आणि आमचे हे तर नाहीतच. शेळ्या पांगल्या की मी तिथेच बसून रडते. मला तरी दुसरं दार कुठे आहे?