ओल्या मातीतली सही

आमची ओळख भांडणातून झाली. शिकागोजवळ नेपरव्हिलला मी राहायचो त्या अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुण्याची सामायिक मशीन्स होती. एका रविवारी माझी ऑफिसची काळी पँट मशीनमधून निघाली ती पांढऱ्या ठिपक्यांची. माझ्याआधी कुणीतरी प्लास्टरने माखलेले कपडे धुतले होते. गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. बाकावर एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता आणि त्याच्या भुवयांतही प्लास्टर होतं. मी त्याला इंग्रजीत जमेल तेवढं झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काहीतरी उत्तर दिलं, त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. मी म्हटलं, इंग्रजीत बोला. तो म्हणाला, इंग्रजीतच बोलतोय. तो स्कॉटलंडचा होता.

नव्वदच्या दशकातले ते हिवाळे मला अजून आठवतात. मी नागपूरचा, एका कंपनीत पुलांची ड्रॉइंग्ज करायचो, लग्न झालेलं नव्हतं. शुक्रवारी ऑफिसमधून निघालो की सोमवारपर्यंत तोंडून शब्द निघायचा नाही. आवाज शाबूत आहे ना हे बघायला मी कधीकधी घरात मोठ्याने बोलायचो. फार एकटं वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा. शेवटी मी त्या म्हाताऱ्यालाच जेवायला बोलावलं. वरण-भात होता. त्याने आईने पाठवलेलं लोणचं भाजीसारखं वाढून घेतलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तरी गडी मागे हटला नाही. मग दर रविवारी तो येऊ लागला.

हळूहळू त्याचे उच्चार कळायला लागले आणि माणूसही. बाप थडग्यांचे दगड घडवायचा. हा शिल्पकला शिकला. तिथे आलेल्या एका नावाजलेल्या अमेरिकन शिल्पकाराने त्याचा हात पाहिला आणि आपल्या स्टुडिओत मदतनीस म्हणून इकडे आणलं. वर्ष-दोन वर्षं राहू, मग आपलं काम सुरू करू असं ठरवून आला आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिला. मालक तळहाताएवढा नमुना करायचा. त्याचा दोन पुरुष उंचीचा पुतळा करायचा तो ह्याने. लोखंडी सांगाडा उभारायचा, त्यावर माती चढवायची, साचा घ्यायचा, ब्रॉन्झमध्ये ओतायला पाठवायचा. बायको कंटाळून कधीच परत गेली होती. मग मालक वारला, वारसांनी स्टुडिओ विकला. आता हा जुन्या इमारतींच्या छतांवरची प्लास्टरची नक्षी दुरुस्त करत होता.

एकदा आम्ही ट्रेनने शिकागोला गेलो. एका बँकेसमोर त्या मालकाचा एक ब्रॉन्झचा पुतळा होता. लोक त्याच्या पायाशी बसून सँडविच खात होते. हा पुतळ्याला वळसा घालून मागे गेला आणि त्याच्या एका गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, ह्या गुडघ्याने मला फार छळलं. मी विचारलं, तुमचं नाव कुठे आहे? त्याने बोटाने मालकाची सही दाखवली. परतताना ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘एक तरी काम माझ्या नावाचं करायचं होतं. पण मला काम कोण सांगणार?’

काम सांगणारे एव्हाना माझ्या ओळखीचे झाले होते. आमच्या भागात महाराष्ट्रातून आलेली मोजकी बौद्ध कुटुंबं होती. महिन्यातून एका रविवारी ती एका डॉक्टर काकांच्या बेसमेंटमध्ये वंदनेला जमायची. तिथे ठेवलेली बुद्धमूर्ती गिफ्ट शॉपमधून आणलेली, मिटल्या डोळ्यांची. ती कुणालाच पटत नव्हती. आमच्या घरांत बुद्ध हवा तो उघड्या डोळ्यांचा, माणसांकडे बघणारा. तसा अमेरिकेत कुठल्या दुकानात मिळणार? मी म्हाताऱ्याचं नाव सुचवलं आणि काकांनी गॅरेज रिकामं करून दिलं.

त्याने सुरुवात केली ती मिटलेल्याच डोळ्यांनी. म्युझियममध्ये त्याने तसेच बुद्ध पाहिले होते. डोळे उघडे हवेत हे मी सांगितल्यावर त्याने पापण्यांची माती खरवडून काढली. मग म्हणाला, मिटलेल्या डोळ्यांत सगळं लपतं, उघड्यात काही लपत नाही. पुढे कित्येक आठवडे तो पापण्या करत होता आणि मोडत होता. मधूनच आमची मंडळी येऊन सूचना देऊन जायची. कुणाला नाक सरळ हवं, कुणाला गावच्या विहारातल्यासारखी जिवणी. जन्मभर दुसऱ्याचं ऐकलेला तो माणूस लगेच तसं बदलायला निघायचा. मी चिडून एक दिवस गॅरेजच्या दाराला आतून कडी घातली आणि म्हटलं, आता फक्त तुमच्या मनाचं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी अवघड मागितलं होतं.

पण चेहरा झाला. फार सुंदर झाला. समोर उभं राहिलं की ते डोळे आपली चौकशी करतायत असं वाटायचं. काकांची धाकटी मुलगी बघून म्हणाली, ‘ही इज नॉट मॅड अॅट एनीबडी.’

साचा घ्यायच्या दिवशी सगळे जमले. सही करायची तर ती त्याआधी, ओल्या मातीतच करावी लागते. मी हे सांगताच काका म्हणाले, ‘अरे, बुद्धावर कुणाचं नाव कशाला? बरं दिसत नाही यार. त्याला वेगळं थँक्यू करू, डिनर करू.’

माझं डोकं फिरलं. ‘काका, आपल्या आजे-पणज्यांनी अख्ख्या गावाचं काम केलं. कुणाच्या नावावर लागलं ते?’

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका घसा खाकरून म्हणाले, ‘कर म्हणावं सही. नीट दिसेल अशी कर म्हणावं.’

मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने हात पुसले, लाकडी कोरणी घेतली आणि मूर्तीच्या बैठकीजवळ गुडघ्यांवर बसला. एका झटक्यात त्याने एक वळणदार अक्षर कोरलं आणि थांबला. ते त्याच्या नावाचं अक्षर नव्हतं. त्याने अंगठ्याने ते पुसलं आणि पुन्हा कोरणी टेकवली. पुन्हा तेच अक्षर आलं, तसंच डौलदार.

‘मालकाचे हात शेवटी फार थरथरायचे,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘सह्यासुद्धा मीच करायचो. माझी अशी सही मी कधी केलीच नाही.’

मी म्हटलं, साध्या अक्षरांत नाव लिहा, चेकवर लिहिता तसं. त्याने मानेनेच नाही म्हटलं. तेही अक्षर त्याने पुसलं, पण तिसऱ्यांदा हात उचललाच नाही. मागे काका हळूच विचारत होते, काय झालं. म्हाताऱ्याने कोरणी माझ्या हातात दिली. ‘तू लिही. तुमच्या लिपीत. इथे येणाऱ्यांना वाचता येईल.’

मी त्याच्या शेजारी बसलो. ड्रॉइंगवर अक्षरं काढायची सवय कामी आली. त्याचं पूर्ण नाव मी देवनागरीत कोरलं, कडांना आलेली माती बोटाने काढली आणि बाजूला सरलो.

तो वाकून बघत राहिला. मग एकेका अक्षरावरून, न टेकवता, बोट फिरवत गेला. शेवटच्या अक्षरापाशी थांबून त्याने मला विचारलं, ‘हा मीच ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तुम्हीच.’