तिचं इंग्रजी चांगलंच होतं

एका मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी बाहेर सांगितली, आणि वर तिच्याशी खोटं बोललो. हे घरी बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — जमेल तसं.

परळच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवतो. मुलं फार ताणात असतात, म्हणून मनःस्वास्थ्याचा एक तास अभ्यासक्रमात आला. तो मीच आखला. खुर्च्या गोल मांडायच्या, एकेकाने मनातलं बोलायचं. फळ्यावर मी लिहिलं — इथलं इथेच राहील. गुण मात्र ठेवले. गुणांशिवाय मुलं फिरकत नाहीत. माझ्या सहकारी सावंत मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, "काय हो सर, ज्याच्यापुढे रडायचं त्यानेच मार्क द्यायचे? साधं रडलं तर सात, हुंदके दिले तर नऊ?" मी हसण्यावारी नेलं.

मानसी वरळी कोळीवाड्याची. आई दादरला मासे विकायची. त्या गोलात ती एकदा म्हणाली, औषध वजन करताना माझा हात थरथरतो — जास्त पडलं तर कुणाचा तरी जीव जाईल, असं वाटतं. बोलून झाल्यावर मोकळं हसली. मी तिला शाबासकी दिली. गुणही चांगले दिले.

पुढे एका इस्पितळाच्या औषध विभागात प्रशिक्षणाची एकच जागा आली. तिला ती हवीच होती; नोकरीची वाट तिथूनच जायची. निवडीला मला बसवलं होतं. तिथल्या प्रमुखांनी विचारलं, "ही मुलगी कशी आहे?" आणि मी — मला जाणकार दिसायचं होतं, दुसरं काही नाही — म्हणालो, "हुशार आहे. पण हात थरथरतो तिचा."

प्रयोगशाळेत तिचं वजन कधी चुकलं होतं का? नाही. त्या भीतीपायीच ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. हे मला माहीत होतं. प्रमुखांना मात्र मी ते सांगितलं नाही.

जागा दुसऱ्याला गेली. तिने मला जिन्यात गाठलं. "सर, माझं कुठे कमी पडलं? खरं सांगा हां." मी म्हणालो, "इंग्रजी जरा कच्चं आहे गं तुझं."

तिने मान डोलावली. सुट्टीत दादरला इंग्रजीचा क्लास लावला. आणि मी? पुढच्या वर्षी फळ्यावर पुन्हा तेच वाक्य लिहिलं.

गेल्या महिन्यात लालबागला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एका दुकानात शिरलो. काउंटरमागे मानसी.

"अय्या, सर! या ना!" मग समोरच्या बाईंना म्हणाली, "काकी, हे माझे सर. ह्यांच्यामुळे इंग्लिश सुधारलं. नाहीतर आमचं इंग्लिश म्हणजे बोंबील — कणाच नाही!"

काकी हसत गेल्या. मानसीने माझ्या गोळ्या काढल्या, चिठ्ठीवरचं नाव ताडून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. माझा पाय तिथून निघेना.

"मानसी," मी म्हणालो, "तुझं इंग्रजी चांगलंच होतं. हात थरथरतो हे तू तासाला सांगितलंस, ते मी त्या निवडीत बोललो. तुझी जागा माझ्यामुळे गेली. नंतर तुला खोटं सांगितलं. मी चुकलो. तुझी माफी मागतो. तू काही बोलायलाच हवंस असं नाही."