सहमच्या आंब्याखाली झालेलं मतदान

ओमानमध्ये बॅचलर म्हणजे ज्याची बायको गावाला आहे तो. मी लग्न होऊन, एक मुलगी होऊन मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सहमला आलो आणि पुन्हा बॅचलर झालो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एसी-फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप, त्याच्या मागे आम्हा कामगारांची खोली, आणि शुक्रवारी सुट्टी. त्या सुट्टीत करायचं काय, हा मोठा प्रश्न असे. म्हणून मस्कतमध्ये मराठी लोकांचं मंडळ आहे असं कळलं तेव्हा मी पहिल्याच गणपतीला तिथे जाऊन सभासद झालो.

मंडळाने मला पुष्कळ दिलं, हे आधी सांगतो. कुणी पुरणपोळी डब्यात घालून दिली, कुणी आजारपणात डॉक्टरकडे नेलं. पण मंडळात मत द्यायचा अधिकार आम्हा बॅचलर लोकांना नव्हता. तो फॅमिलीवाल्यांना, तोही घरटी एकच. म्हणजे बायकांनाही नाही. आम्ही खुर्च्या मांडायच्या, सतरंज्या उचलायच्या, आणि सभेत मागे बसून ऐकायचं. जेवणाच्या पंगतीतही आधी फॅमिली, मग आम्ही. डोंगरापलीकडच्या इब्री गावी एक सुतार होता, माझ्याच तालुक्यातला. गणपतीचं मखर दरवर्षी तोच करायचा. मखर कसं असावं हे ठरवायच्या बैठकीत मात्र त्याला कधी बोलावणं नसे. तो ते हसून सांगायचा, पण सांगायचा दरवर्षी.

पुढे काही फॅमिलीवाल्यांनाच हे बरं वाटेना. त्यांनी वार्षिक सभेत ठराव आणला, की प्रत्येक प्रौढ सभासदाला एक मत असावं. ठरावाला पाठिंबा भरपूर होता. हात वर झाले असते तर पहिल्याच वर्षी तो पास झाला असता. पण हात वर करायची वेळच येत नव्हती.

याचं कारण, मंडळात सगळे ज्यांना काका म्हणायचे ते. मस्कतच्या मत्रह बंदरातल्या एका जुन्या पेढीवर ते हिशेबनीस होते, आणि मंडळ त्यांनीच उभं केलं होतं. संस्थापकाला बोलताना कुणी थांबवायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. तोही त्यांच्याबद्दलच्या आदरापोटीच केलेला. सभा शुक्रवारी सकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरायची आणि जुम्म्याच्या नमाजाआधी हॉल रिकामा करून द्यावा लागायचा. ठराव वाचला की काका उभे राहायचे. मुंबईहून बोटीने मत्रहला कसे उतरलो, पिण्याचं पाणी कसं विकत घ्यावं लागायचं, पहिला गणपती बंद खोलीत आवाज न करता कसा बसवला, सगळं सांगायचे. बोलायचे फार छान. मी खरंच रंगून ऐकायचो. ऐकता ऐकता हॉलवाला दारात येऊन उभा राहायचा आणि सभा संपायची. ठराव पुढच्या वर्षावर. असं अनेक वर्षं चाललं. इब्रीची माणसं पहाटे निघून यायची आणि तशीच परत जायची.

मग एका वर्षी अध्यक्ष म्हणून एक बाई निवडून आल्या. वसईच्या ख्रिश्चन, एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळायच्या. त्यांच्या नवऱ्याला सभांचा कंटाळा, म्हणून घरचं मत त्यांच्या नावावर होतं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. बोलणं मोजकं, आवाज कधी चढायचा नाही.

एके दिवशी त्यांचा वर्कशॉपवर फोन आला.

"तुमच्या अर्बाबचं सहमला शेत आहे ना?"

"आहे. का हो, ताई?"

"केवढं आहे? आपली सगळी माणसं मावतील?"

मी म्हटलं, मावतील, पण कशासाठी? ताई म्हणाल्या, "काकांना मी थांबवणार नाही. त्यांच्या वयाचा मान आहे. पण त्यांना थांबवणारा हॉलवाला मला यंदा नकोय."

मी अर्बाबकडे गेलो. अर्बाब माझा मालक, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. हिंदी चांगली बोलायचा. त्याच सुमाराला ओमानात मजलिसची, म्हणजे तिथल्या लोकसभेसारख्या सभेची, निवडणूक झाली होती, आणि पहिल्यांदाच सगळ्या प्रौढ नागरिकांना मत होतं. आधी निवडक लोकांनाच असायचं. अर्बाब आपल्या आईला गाडीत घालून मत द्यायला घेऊन गेला होता आणि ती गोष्ट आठवडाभर येईल त्याला सांगत होता. मी आमची अडचण सांगितली, तर त्याने एकच विचारलं.

"तू इतकी वर्षं त्यांच्यात आहेस आणि तुला मत नाही?"

"नाही."

"शेत घ्या," तो म्हणाला. "पूर्ण दिवस घ्या."

त्या शुक्रवारी मस्कतहून गाड्या आल्या, इब्रीहून एक पिकअप आणि दोन टॅक्सी. हिवाळा होता, ऊन सोसवेल असं. विहिरीजवळच्या दोन मोठ्या आंब्यांखाली अर्बाबने चटया घालून ठेवल्या होत्या. कहवा म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले. मुलं केळीच्या बागेत पळाली. बायकाही नवऱ्यांशेजारी बसल्या. ताईंनी ठराव वाचला, आणि नेहमीसारखे काका उठले.

बोटीपासून सुरुवात झाली. पाणी आलं, बंद खोलीतला गणपती आला. ऊन चटईच्या कडेवर सरकलं. अर्बाब नमाजाला जाता जाता माझ्याजवळ थांबला.

"खलास?"

"अजून नाही."

"इन्शाल्ला," म्हणून तो गेला.

तो मशिदीतून परत आला तेव्हाही काका बोलतच होते. पण आता ते मधूनमधून थांबत होते, शेताच्या फाटकाकडे बघत होते. तिथून कुणीच येत नव्हतं. ताई उठल्या, त्यांनी काकांना पाणी दिलं आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याजवळ ठेवली.

काका म्हणाले, "आज कुणाला घाई दिसत नाही."

"नाही, काका," ताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत जागा आपलीच आहे. तुम्ही बोला. आम्ही ऐकतोय."

काका खुर्चीवर बसले. मग, आजवर कुठल्याच सभेत बोलले नव्हते तसं, हळू आवाजात बोलले.

"खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तुम्ही बॅचलर लोक संख्येने जास्त. दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर येता, जाता. उद्या हे मंडळ कुणाच्या हाती जाईल? मी ते सांभाळून आणलंय."

मग मागून माझा सुतार मित्र उठला. सभेत तो पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे मालवणीतच बोलला.

"काका, माका पण हय लय वर्षां झाली. मी खय गेलंय नाय. फकत एकटो आसंय."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, तोवर त्यांनी त्याला मखरवाला म्हणूनच ओळखलं होतं. त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?" तो म्हणाला, "बायको नि दोन झील." म्हणजे दोन मुलगे. काकांनी मान हलवली आणि ताईंना म्हणाले, "घे मतदान."

आधी नियम बदलला, की यापुढे कुणीही सभासद बोलायला उभा राहिला तर त्याला ठरावीकच वेळ, आणि मतदान त्याच सभेत झालंच पाहिजे. मग मूळ ठराव. ताईंनी "बाजूने" म्हटलं आणि फॅमिलीवाल्यांचे हात वर गेले. आम्ही मागे बसून बघत होतो. या लोकांना आमची काही गरज नव्हती. आमच्यावाचून त्यांचं मंडळ सुखाने चाललं असतं. तरी त्यांनी एवढ्या लांब येऊन, अर्धा दिवस चटईवर बसून, आपल्या हातातलं आम्हाला वाटून दिलं. ताईंनी "विरोधात" म्हटल्यावर काकांनी आपला हात सरळ, उंच वर केला. आणखी तीन-चार हात वर गेले. लपवाछपवी काही नाही. ठराव पास झाला.

अर्बाबने बिर्याणी पाठवली होती, मटणाची, आणि शाकाहारी लोकांसाठी वेगळा भात. चार-पाच जणांत एक अशा मोठ्या थाळ्यांभोवती जो तो जागा मिळेल तिथे बसला. काका आमच्या थाळीवर आले, गुडघे दुखत असूनही खाली बसले आणि सुताराला गावची नदी कुठली, घर नदीच्या कुठल्या अंगाला, असं विचारत राहिले. हरलेला माणूस उठून निघून गेला असता तर आम्हाला जिंकल्याचं सुख लाभलं नसतं. त्यांनी ते लाभू दिलं, आणि पुढेही तब्येत होती तोवर प्रत्येक सभेला ते आले. दिलेल्या वेळेत बोलायचे आणि वेळ झाली की वाक्य अर्धं टाकून बसायचे.

पुढच्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. गावाला होतो तेव्हा यादीत नाव नव्हतं, आणि पुढे कुठलीही निवडणूक असली की मी इकडे असायचो, त्यामुळे बोटाला शाई कधी लागलीच नव्हती. विषय साधा होता. दिवाळीला नाटक बसवायचं की गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा. मला नाटकाचं वेड. मी हात असा वर केला की शेजारचा हसायला लागला. ताईंनी हात मोजले, माझ्यापाशी आल्यावर माझ्याकडे बघून जरा थांबल्या आणि पुढे गेल्या. नाटक हरलं, चांगलंच हरलं.

बाहेर पार्किंगमध्ये मी सुताराला गाठलं. "तू गाण्यांना हात वर केलास?"

"मगे? माका नाटकात झोप येता."

मी त्याच्यावर रागवायचा प्रयत्न केला, पण जमेना. सहमला परतताना वाटेत बरक्याला चहाला थांबलो तेव्हाही मी आपला हसतच होतो.